नादाचे दप्तर : इंडोनेशियातील मोठ्या आवाजांचा इतिहास

५ एप्रिल १८१५ रोजी संध्याकाळी जावा बेटाच्या जवळजवळ सर्व भागांत दूरवरून तोफा डागल्यासारखा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहिला. त्या वेळी बेटावर इंग्रजांचा अंमल होता. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत डचांकडून घेतलेल्या या मुलखाचा कारभार लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून स्टॅम्फर्ड रॅफल्स पाहत होता. जवळच्या एखाद्या ठाण्यावर शत्रूने हल्ला केला असावा, अशा समजुतीने योग्याकार्ताहून फौजेची एक तुकडी कूच करून गेली. आणि एखादे संकटग्रस्त जहाज मदतीसाठी तोफा वाजवीत असावे, या तर्काने किनाऱ्यावरून दोन वेळा होड्या शोधासाठी रवाना करण्यात आल्या. शत्रू कोठेही नव्हता आणि जहाजही नव्हते. योग्याकार्तापासून आठशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, सुंबावा बेटावरचा तांबोरा पर्वत जागा होत होता, आणि पाच दिवसांनी, १० एप्रिलच्या रात्री, लिखित इतिहासाला ज्ञात असलेला सर्वांत प्रचंड ज्वालामुखी उद्रेक तेथे व्हावयाचा होता. ग्रेसिकच्या बाजूला लोकांनी याच आवाजाचा निराळा अन्वय लावला : दक्षिण समुद्राची राणी न्याई लोरो किदुल हिच्या घरी मुलाचे लग्न आहे, त्यानिमित्त तिच्या दैवी तोफखान्याची सलामी झडत आहे, आणि मागाहून आकाशातून पडलेली राख हा त्या तोफांच्या दारूचा अवशेष आहे, असे ते म्हणत.

इंग्रज अंमलदाराचा तर्क आणि ग्रेसिकच्या माणसाची श्रद्धा यांत वरवर पाहता मोठे अंतर दिसते. परंतु दोघांनीही आवाज कानी पडताच एकच प्रश्न विचारला होता, आणि तो म्हणजे हा आवाज कोणाचा व कशासाठी. आज आपण ज्याला इंडोनेशिया म्हणतो त्या द्वीपसमूहाच्या इतिहासात हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला. तेथे मोठ्या आवाजाला मालक असे, वेळ असे आणि अर्थ असे. ज्याला या तिन्हींपैकी काहीच नाही असा आवाज लोक संशयाने ऐकत. कागदपत्रे वाळवीने खाल्ली, राजवाडे भूकंपात पडले, पण या व्यवस्थेचे दप्तर भाषेत शिल्लक राहिले आहे, आणि ते उघडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ही भाषा म्हणजे मुळात मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरची मलय. बंदरांतून, बाजारपेठांतून आणि जहाजांच्या फळ्यांवरून ती शेकडो भाषांच्या या जगात परस्परव्यवहाराचे साधन बनली; आणि २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, जमलेल्या तरुणांनी एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एकतेची एक भाषा यांची शपथ घेतली, तेव्हा त्यांनी सर्वाधिक लोकांची जावी भाषा बाजूला ठेवून या मलयलाच ‘इंडोनेशियाची भाषा’ हे नाव दिले. मराठी वाचकाला तिच्यात अनेक परिचित चेहरे भेटतात. ‘सुआरा’ म्हणजे माणसाचा आवाज, आणि तो आपला ‘स्वर’च आहे, लोकशाही आल्यावर याच शब्दाने मतदाराच्या मताचेही काम पत्करले. पण मोठ्या आवाजांची जी भरगच्च शब्दसंपत्ती तिच्यात आहे, ती बव्हंशी त्या मातीतली आहे. कठीण आणि मोठा या दोन्ही अर्थांनी ‘केरास’. उंच, स्वच्छ आणि कानात शिरणारा तो ‘न्यारिंग’. दूरवर ऐकू जाईल असा खडा व निःसंकोच मानवी आवाज तो ‘लांतांग’. माणसे भांडू लागली की ‘गादुह’. गर्दी, वर्दळ आणि चैतन्य यांनी भरलेली जागा ‘रामाई’. आणि ज्या आवाजाचा केवळ त्रासच होतो तो ‘बिसिंग’. आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. तिकडे हीच गोष्ट रिकाम्या पिंपाचा आवाज न्यारिंग असतो, अशा शब्दांत सांगतात.

निसर्गाच्या आवाजांची नावे या कोशात अर्थातच अग्रभागी आहेत. वीज कोसळताना होतो तो ‘गुंतुर’. ढगांच्या पोटातून घुमत येतो तो ‘गुरुह’. आणि या दुसऱ्या शब्दाच्या पोटात ‘एम’ एवढे अक्षर घातले की ‘गेमुरुह’ तयार होतो, ज्यात एका गडगडाटाच्या जागी अखंड चाललेला घोष ऐकू येतो, मग तो धबधब्याचा असो, समुद्राचा असो वा सभेतल्या टाळ्यांचा असो. तोफेचा किंवा स्फोटाचा एकेक ठोका तो ‘देंतुम’. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास सुंदा सामुद्रधुनीतल्या क्राकाताऊ बेटाने जो ‘देंतुम’ केला, त्याची बरोबरी करणारा आवाज माणसाने त्यानंतर क्वचितच ऐकला असेल. हिंदी महासागरातील रॉड्रिग्स बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटर अंतरावर, तेथील पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस यांनी पूर्वेकडून येणाऱ्या या आवाजाची नोंद केली, आणि त्यांनाही तो जड तोफांचाच वाटला. बटाव्हियाच्या गॅस कारखान्यातील दाबमापकाचा काटा मोजपट्टीच्या पलीकडे गेला, आणि वायुदाबाची लाट पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घालून गेल्याचे जगभरच्या वायुभारमापकांनी दाखवले. समुद्राने उसळून गिळलेल्या आणि तप्त राखेत होरपळलेल्या माणसांची संख्या सरकारी दप्तरात ३६,००० हून अधिक आहे.

या संहाराचा शास्त्रीय वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाने तो वाचला. परंतु त्याच्याही आधी, उद्रेकानंतर काही महिन्यांतच, मुहम्मद सालेह नावाच्या एका मलय कवीने ‘शाइर लाम्पुंग कराम’ हे दीर्घ काव्य मलयच्या अरबी वळणाच्या ‘जावी’ लिपीत रचले आणि ते सिंगापुरात शिळाछापावर छापून निघाले. लाम्पुंग हा सुमात्राचा दक्षिण टोकाचा प्रदेश. तेथील गावे कशी बुडाली, माणसे कशी पळाली, आभाळ कसे अंधारले आणि कानठळ्या बसवणारे आवाज कसे येत राहिले, हे स्थानिक माणसाच्या दृष्टीने आणि स्थानिक भाषेत सांगणारा हा एकमेव समकालीन ग्रंथ मानला जातो. दाबमापकाच्या काट्याने आवाजाचे परिमाण सांगितले. तो ऐकताना माणसांनी एकमेकांना कशा हाका मारल्या, हे मात्र या काव्याने सांगितले. इतिहासाला दोन्ही साक्षी लागतात, आणि दुसरी साक्ष दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, ही खेदाची गोष्ट आहे.

पर्वतांचे आवाज माणसाच्या हाती नव्हते. जे हाती होते त्यांचा बंदोबस्त मात्र जावाच्या गावगाड्याने अत्यंत काटेकोरपणे केला होता, आणि त्या बंदोबस्ताचे मुख्य साधन म्हणजे ‘केंतोंगान’. लाकडाचा ओंडका किंवा बांबूचे कांडे आतून पोखरून त्याला उभी लांबट चीर पाडली आणि दांडक्याने ठोकले की जो खणखणीत, कोरडा ‘तोंग’ असा आवाज निघतो, त्यावरून हे नाव पडले. मोठा केंतोंगान गावच्या लुराहच्या, म्हणजे पाटलाच्या, घरापुढच्या मंडपात टांगलेला असे. लहान बांबूचे केंतोंगान गावाच्या वेशीवरच्या पहारा-चौकीत, ज्याला तेथे ‘गार्दू’ म्हणतात, ठेवलेले असत. आपल्याकडे जागल्या आणि रामोशी जे काम हाळी देऊन करीत, ते तेथे गावकरी आळीपाळीने या लाकडावर ठोके देऊन करीत, आणि त्या गस्तीचे नाव ‘रोंदा’. हा शब्द पोर्तुगीजांचा. अफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले, आणि त्याच दर्यावर्दी सत्तेच्या पाठोपाठ तो आपल्या जुन्या मराठीत ‘रोंद’ म्हणून आणि मलयमध्ये ‘रोंदा’ म्हणून रुजला.

केंतोंगानचे ठोके ही एक स्वतंत्र लिपीच होती. सभेला बोलावण्याचे ठोके निराळे, मृत्यूची वार्ता देणारे निराळे, सर्व कुशल असल्याचे निराळे. रात्रीचे प्रहर सांगणारेही निराळे. खून, दरोडा, आग आणि पूर यांसाठी प्रत्येक गावाची ठरलेली खूण असे, आणि ती लहान मुलांनाही पाठ असे. सर्वांत भयंकर तो ‘तितिर’ : मध्ये श्वास न घेता, घाईघाईने, सारखे पडत राहणारे ठोके. तितिर ऐकू आला की जो जेथे असेल त्याने हाताला येईल ते घेऊन धावत सुटावयाचे, आणि शेजारच्या गावाने आपल्या केंतोंगानवर तोच ठेका उचलून पुढच्या गावाला द्यावयाचा, असा शिरस्ता होता. त्यामुळे तारायंत्र येण्यापूर्वीही संकटाची बातमी घोडेस्वाराच्या आधी पुढे पोचे. मात्र या सत्तेबरोबर जबाबदारीही होती. विनाकारण तितिर वाजवणे हा गावाचा गुन्हा होता, आणि तितिर ऐकून घरात बसून राहणे हाही गावाचा गुन्हाच होता. वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच बंधनाने बांधणारी ही वहिवाट त्या समाजाच्या नागरिकत्वाची पहिली शाळा होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

डच सरकारने ही व्यवस्था आपल्या पोलिसी कारभारात सामील करून घेतली. जपानी अंमलात (१९४२ ते १९४५) शेजारसंघांची जी बांधणी झाली, तीतही तिचा उपयोग झाला. आणि १९८० च्या दशकात सुहार्तोंच्या राजवटीने वस्तीच्या सुरक्षेची देशव्यापी योजना आखली, तेव्हा गार्दू आणि केंतोंगान पुन्हा रंगरंगोटी करून उभे राहिले. गावाने गावासाठी निर्माण केलेले साधन राज्यकर्त्यांनी स्वतःच्या नजरेसाठी वापरले, ही त्या इतिहासाची काळी बाजू आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. तथापि या आवाजाविषयी लोकांच्या मनात किती माया होती, याचा दाखला एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो. स्वातंत्र्यानंतर हॉलंडला गेलेल्या मिश्रवंशीय लोकांनी १९५८ मध्ये त्याली रॉबिन्सन यांच्या संपादकत्वाखाली आपले नियतकालिक काढले, आणि १९५९ पासून हेग शहरात वार्षिक मेळा भरवण्यास प्रारंभ केला. या दोहोंना त्यांनी दिलेले नाव ‘तोंग तोंग’ हे होते. हजारो मैल दूरच्या थंड देशात विखुरलेल्या आपल्या माणसांना एकत्र बोलावण्यासाठी त्यांना दुसरा आवाज आठवला नाही.

बालीमध्ये याच वाद्याला ‘कुलकुल’ म्हणतात, आणि तेथे त्याला मंदिराच्या व वस्तीच्या कोपऱ्यावर स्वतंत्र कोरीव बुरूज बांधून देण्यात येतो. वस्तीच्या सभासदांना कामासाठी, पूजेसाठी वा अंत्यसंस्कारासाठी बोलावण्याचा हक्क कुलकुलचा, आणि त्याच्या बोलावण्याला न जाणाऱ्यास दंड. परंतु बालीने जे केले ते याहूनही विलक्षण आहे : त्या बेटाने आवाजाप्रमाणे मौनालाही सार्वजनिक संस्थेचे रूप दिले. बालीचे नववर्ष शक संवत्सराप्रमाणे सुरू होते, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच कालगणनेप्रमाणे. अधिकमासाच्या हिशेबातील फरकामुळे दोन्ही दिवस नेहमी जुळत नाहीत, पण २०२३ मध्ये ते २२ मार्चला एकत्र आले होते. वर्षअखेरच्या अमावास्येला संध्याकाळी भांडी, बांबू, मशाली, कुलकुल आणि झांजा घेऊन सारे गाव रस्त्यावर येते आणि भुताखेतांना हाकलून देण्यासाठी जेवढा करता येईल तेवढा गोंगाट करते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चोवीस तास ‘न्येपी’ पाळला जातो. दिवा नाही, विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही. १९८३ पासून हा दिवस साऱ्या देशाची सुट्टी आहे, त्या दिवशी बालीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद राहतो, आणि २०१८ पासून मोबाइलवरची इंटरनेट सेवाही थांबवली जाते. कोट्यवधींची पर्यटनाची उलाढाल असलेल्या बेटाने एका धर्माज्ञेसाठी एवढे सोसावे, ही आधुनिक जगातली असामान्य गोष्ट आहे.

जावाच्या राजदरबारात मोठा आवाज हा राजचिन्हासारखा जपला गेला. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूतून ठोकून काढलेल्या घंटांना तेथे ‘कियाई’ म्हणजे पूज्य ही पदवी लावून नावे दिली जातात, आणि त्यांच्यापुढे धूप जाळला जातो. योग्याकार्ता आणि सुराकार्ता या दोन्ही राजवाड्यांत पैगंबरजयंतीच्या आठवड्यात ‘सेकातेन’चा उत्सव होतो; त्या वेळी फक्त त्याच प्रसंगी वाजवावयाचे ‘गामेलान’ या वाद्यवृंदाचे दोन प्रचंड संच मिरवणुकीने मोठ्या मशिदीच्या प्रांगणात नेऊन ठेवतात. दोन्ही ठिकाणच्या एका संचाचे नाव ‘कियाई गुंतुर मादू’ असे आहे. मधाचा गडगडाट असा त्याचा अर्थ लावता येईल. माताराम राज्याची १७५५ च्या गियांती तहाने वाटणी झाली तेव्हा या वाद्यांचीही वाटणी झाली, असे सांगतात. इस्लामचा प्रसार करणाऱ्या वलींनी लोकांना मशिदीकडे खेचण्यासाठी हा नाद सुरू केला, ही परंपरेची कथा. आणि तो नाद इतका प्रबळ असूनही गुरुवारच्या संध्याकाळपासून शुक्रवारची नमाज होईपर्यंत पूर्ण थांबवला जातो, हा परंपरेचा दंडक. वादनातही ‘सोरान’ म्हणजे बुलंद पद्धती आणि ‘लिरिहान’ म्हणजे मंद पद्धती असे दोन भेद आहेत, आणि एकाच वादकाला दोन्ही आल्या पाहिजेत.

याच दरबारी संस्कृतीने माणसाच्या आवाजाला मात्र कठोर मर्यादा घातल्या. जावी भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलण्याची निराळी सन्मानदर्शक बोली आहे, आणि ती खालच्या पट्टीत, सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता बोलावयाची असते. आवाज चढवणारा तो असंस्कृत, अशी साधी विभागणी यातून झाली. छाया-बाहुल्यांच्या खेळात महाभारत ऐकणाऱ्या जावी माणसाला अर्जुन खाली मान घालून मृदू स्वरात बोलताना दिसतो आणि राक्षस घोगऱ्या आवाजात ओरडताना दिसतात. पण या नियमाला त्यांनी एक भव्य अपवाद ठेवला आहे, आणि तो भीमाचा. जावी भीम कोणाशीही, देवांशी आणि गुरूंशीसुद्धा, साध्याच बोलीत आणि गडगडत्या आवाजात बोलतो. केवळ स्वतःच्या अंतर्यामीच्या ‘देवरुची’ या देवतेपुढे तो नम्र बोली वापरतो. त्याचा आवाज मोठा आहे, कारण त्याच्या मनात आणि मुखात अंतर नाही. ज्या समाजाने मृदुतेला सद्गुण मानले, त्याच समाजाने सत्यनिष्ठेचा आवाज मोठा असू शकतो हेही ओळखले, आणि विसाव्या शतकात त्याला याची गरज पडली.

तरुण सुकार्णोंनी वृत्तपत्रांत लिहिताना ‘बीमा’ हे टोपणनाव घेतले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्यांना लोकांनी व्यासपीठाचा सिंह म्हटले, आणि त्यांनी आपल्या दोन मुलांना गुंतुर आणि गुरुह ही नावे दिली. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी जकार्तातील आपल्या घरापुढे त्यांनी दोन वाक्यांची स्वातंत्र्यघोषणा वाचली. ३१ ऑगस्टच्या फर्मानाने ‘मर्देका’ हा, संस्कृत ‘महर्द्धिक’ शब्दातून आलेला, राष्ट्रीय अभिवादनाचा घोष ठरवण्यात आला. आणि ११ सप्टेंबरला प्रजासत्ताकाची नभोवाणी स्थापन झाली. माणसांच्या घोषाला तेव्हाच्या भाषेत ‘पेकिक’ हा शब्द रूढ झाला. एरवी तो भीतीच्या किंवा वेदनेच्या किंकाळीसाठी वापरला जाई. क्रांतीने त्याला आकांक्षेचा अर्थ दिला. १९ सप्टेंबरला इकादा मैदानावर जपानी संगिनींच्या गराड्यात अफाट जनसमुदाय जमला. सुकार्णो आले, काही मिनिटेच बोलले, आणि शांतपणे घरी जा असे त्यांनी सांगितले. आणि तो समुदाय खरोखरच शांतपणे परतला. गर्जनेसाठी ख्यात झालेल्या त्या पुरुषाच्या वक्तृत्वाचा सर्वांत थोर क्षण हाच मानला पाहिजे.

सुराबायात मात्र इतिहास निराळा घडला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तेथे उतरलेल्या ब्रिटिश फौजेच्या ४९ व्या भारतीय पायदळ ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, म्हणजे आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या घरांतली मुले या नाट्यात परकीय साम्राज्याच्या गणवेशात उभी होती. त्याच महिन्यात सुतोमो नावाच्या पंचवीस वर्षांच्या पत्रकाराने बंडखोरांची नभोवाणी सुरू केली, आणि ‘बुंग तोमो’ या नावाने त्याचा लांतांग आवाज घराघरांत पोचू लागला. लढाई पेटली, आणि ३० ऑक्टोबरला युद्धविराम ठरला. पण तो ठरल्याची वार्ता प्रत्येक रस्त्यावर आणि प्रत्येक इमारतीत पोचवणारे साधन कोणाकडेच नव्हते. दोन्ही बाजूंचे पुढारी मोटारीतून ठिकठिकाणी जाऊन गोळीबार थांबवण्यासाठी ओरडून सांगत होते, आणि त्याच प्रयत्नात इंटरनॅशिओ इमारतीपुढच्या जमावात या ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. आत मराठा पलटणीचे जवान होते. लढाई पेटवणारा आवाज सर्वांपर्यंत पोचला होता. ती थांबवणारा पोचू शकला नाही. १० नोव्हेंबरला शहरावर तोफा आणि विमाने तुटून पडली, आणि तो दिवस आजही तेथे वीरांचा दिवस म्हणून पाळला जातो.

मशिदींच्या आवाजाचा इतिहास याच धाग्याचा आहे. जावाच्या मशिदीत बांगेपूर्वी ‘बेदुग’ हा कातडी मढवलेला महाढोल वाजवण्याची जुनी चाल आहे. पुर्वोरेजोच्या १८३४ मधील मशिदीतला बेदुग सागाच्या एकाच बुंध्यापासून केलेला असून सुमारे तीन मीटर लांब आहे. नहदलातुल उलमा ही संस्था १९२६ मध्ये स्थापणारे कियाई हाशिम अश्अरी यांनी नमाजेसाठी केंतोंगान वाजवणे अयोग्य ठरवले, तर ग्रेसिकजवळच्या मास्कुमाम्बांगचे कियाई फकीह यांनी त्याचे समर्थन लिहिले. वाद विद्वत्तापूर्ण होता आणि तीव्रही होता. तथापि हाशिम अश्अरी ग्रेसिकला येणार असे कळताच फकीह यांनी त्या भागातल्या मशिदींतले केंतोंगान उतरवून ठेवावयास सांगितले, अशी आठवण तेथील धार्मिक शाळांत आजही सांगतात. आपले मत न सोडता दुसऱ्याच्या कानांचा मान राखणे, हा सभ्यतेचा कळस होय.

ध्वनिक्षेपक आला आणि ही जुनी घडी विस्कटली, कारण ढोलाच्या आवाजाला वाजवणाऱ्याच्या बाहूंची मर्यादा असते आणि विजेच्या आवाजाला तशी मर्यादा नाही. १९७८ मध्ये धर्मविभागाने मशिदींच्या ध्वनिक्षेपकांसाठी पहिला हुकूम काढला, आणि २०२२ मध्ये परिपत्रक काढून बाहेरचा व आतला कर्णा यांत भेद केला व आवाजाची कमाल मर्यादा १०० डेसिबल ठरवली. पूर्व जावात अलीकडे मालमोटारींवर ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचून गल्लीबोळांतून फिरवण्याचे खूळ बोकाळले. घरांच्या काचा हादरू लागल्या, तेव्हा २०२५ मध्ये तेथील उलमांनी त्याविरुद्ध फतवा दिला आणि प्रांतिक सरकारने निर्बंध घातले. अशा आवाजाला ‘रामाई’ म्हणावे की ‘बिसिंग’, यावर तेथे आज जो वाद चालला आहे, तो याच व्यवस्थेच्या भवितव्याचा वाद आहे.

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. आवाज मोठा असण्यात पाप नाही. भीमाचा, तितिरचा, सेकातेनचा आणि ‘मर्देका’चा आवाज मोठाच होता, आणि तो समाजाच्या कल्याणासाठी होता. पाप आहे ते ज्या आवाजाला उत्तरदायी माणूस नाही, नेमलेली वेळ नाही आणि ऐकणाऱ्याविषयी आदर नाही त्या आवाजात. जावा आणि बालीच्या लोकांनी हा विवेक शब्दांत साठवून ठेवला, म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो. आपल्याकडेही चावडीवरची दवंडी, जागल्याची हाळी, देवळाच्या नगारखान्यातला चौघडा आणि गडावरची इशारतीची तोफ यांची अशीच एक व्यवस्था होती, आणि तिचे ठेके, संकेत व शब्द ठाऊक असलेली माणसे खेड्यापाड्यांतून अजून थोडीफार हयात आहेत. मराठी अभ्यासकांनी, शिक्षकांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी त्यांच्याकडे जावे, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि आपल्या नादाचे दप्तर वेळीच तयार करावे.